खाणीनंतर झाडं परत आली, मग काकाकुव्यांचं अडतं कुठे?

प्रश्न : मुलगा पर्थला असतो, त्यामुळे या वर्षी फेब्रुवारी-मार्च ऑस्ट्रेलियात काढले. तिथे संध्याकाळी काळ्या रंगाचे, शेपटीत पांढरा पट्टा असलेले काकाकुवे थव्याथव्याने घरावरून ओरडत जायचे. शेजारच्या बाई म्हणाल्या, हे पक्षी नामशेष होण्याच्या वाटेवर आहेत. इतके दिसतात, मग नामशेष कसे? दुसरं असं की, शहराजवळच्या डोंगरात बॉक्साइटच्या खाणी आहेत आणि खाण संपली की तिथे पुन्हा तीच रानटी झाडं लावतात असं कळलं. झाडं परत येत असतील तर पक्ष्यांचं अडतं कुठे? घरट्यासाठी जागा नसेल तर पेट्या टांगता येत नाहीत का? आमच्याकडे राधानगरी-शाहूवाडीच्या बाजूलाही बॉक्साइट काढतात, म्हणून विशेष उत्सुकता वाटली. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तुमच्या पत्रात तीन शंका आहेत, पण त्यांचं मूळ एकच आहे. तिथवर पोचण्याआधी हे पक्षी कोण ते पाहू.

ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्य कोपऱ्यात काळ्या काकाकुव्यांचे तीन प्रकार आहेत आणि ते जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. दोघांच्या शेपटीत पांढरा पट्टा असतो, तिसऱ्याच्या शेपटीत लाल. पांढऱ्या पट्ट्याचे दोघे दुरून सारखेच दिसतात, फरक चोचीत आहे. कार्नबीच्या काकाकुव्याची चोच आखूड आणि रुंद, बँक्सिया आणि हाकिया या झुडपांची लाकडासारखी कठीण फळं फोडण्यासाठी घडलेली. बोडिनच्या काकाकुव्याची चोच लांब आणि निमुळती. मॅरी नावाच्या झाडाचं फळ सुरईच्या आकाराचं असतं, त्याच्या तोंडातून ही चोच आत घालून तो बी अलगद काढतो. १९४८ साली आयव्हन कार्नबी या निसर्ग-अभ्यासकाने आखूड चोचीच्या पक्ष्याचं वेगळेपण पहिल्यांदा शास्त्रीयरीत्या नोंदवलं, म्हणून त्याचं नाव. लाल शेपटीच्या पक्ष्याला तिथले मूळ रहिवासी नूंगार लोक ‘कराक’ म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या केंद्रीय यादीत कार्नबी आणि बोडिन ‘संकटग्रस्त’ आहेत आणि लाल शेपटीचा ‘असुरक्षित’ वर्गात आहे. पर्थ शहरावरून तुम्ही पाहिलेले पक्षी बहुधा कार्नबीचे.

आता पहिली शंका. थवे मोठे दिसतात याचं कारण हे पक्षी वर्षभर विखुरलेले राहत नाहीत. साधारण जुलै ते डिसेंबर हा कार्नबीचा विणीचा हंगाम. तेव्हा जोड्या आतल्या, कोरड्या गव्हाच्या पट्ट्यात जातात. हंगाम संपला की पिल्लांना घेऊन त्या समुद्राकडे सरकतात आणि पर्थच्या आसपासच्या झाडीत रात्रीच्या मुक्कामाला एकत्र येतात. मोठ्या प्रदेशातले पक्षी थोड्या जागेत गोळा झालेले असतात. तुम्ही नेमक्या त्याच महिन्यांत तिथे होतात. एका संध्याकाळचा थवा पाहून बाकी सगळीकडेही असेच पक्षी असतील असं समजणं ही पहिली चूक, आणि ती तिथले लोकसुद्धा करतात. म्हणूनच बर्डलाइफ ऑस्ट्रेलिया ही संस्था दर वर्षी एप्रिलच्या सुमारास एकाच संध्याकाळी, शेकडो स्वयंसेवकांना वेगवेगळ्या मुक्कामांच्या जागी उभं करून मोजणी करते. एकाच वेळी मोजल्यामुळे तोच थवा दोनदा मोजला जाण्याची शक्यता कमी होते.

दुसरं कारण अधिक गंभीर आहे. काळे काकाकुवे फार जगतात, चाळीस-पन्नास वर्षंसुद्धा. पण त्यांची पैदास अतिशय संथ असते. कार्नबीची मादी बहुतेक वेळा दोन अंडी घालते आणि त्यांतलं सहसा एकच पिल्लू उडण्याइतकं मोठं होतं. लाल शेपटीची मादी तर एकच अंडं घालते. कार्नबीच्या मादीला उबवायला चार आठवडे लागतात, आणि पिल्लू ढोलीत दहा-अकरा आठवडे राहतं. समजा, एखाद्या भागात आज पैदास पूर्ण थांबली. तरीही तिथे पुढची वीस वर्षं थवे दिसत राहतील, फक्त त्यांत सगळे म्हातारे असतील. लांब आयुष्य संकट झाकून ठेवतं. चिमणीसारख्या अल्पायुषी पक्ष्याची वीण बिघडली तर दोन-तीन वर्षांत लक्षात येतं. इथे ते कळेपर्यंत उपायाची वेळ निघून गेलेली असते.

हे नुसतं गणित नाही, प्रत्यक्ष घडलेलं आहे. सीएसआयआरओ या ऑस्ट्रेलियाच्या वैज्ञानिक संस्थेचे डेनिस सॉन्डर्स यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून कार्नबीच्या विणीच्या जागांचा अभ्यास चालवला. त्यातली एक जागा मॅनमॅनिंग. तिथे ढोली असलेली जुनी झाडं शाबूत होती, म्हणजे घरट्यांची अडचण नव्हती. पण भोवतालची झाडी गव्हाच्या शेतीसाठी साफ झालेली होती. नैऋत्येच्या या गव्हाच्या पट्ट्यातली नव्वद टक्क्यांहून अधिक मूळ झाडी आजवर तोडली गेली आहे. पिल्लासाठी दाणा आणायला पालकांना लांब, आणखी लांब जावं लागे. पिल्लं वजनात कमी भरत, बरीच दगावत. १९७७ पर्यंत तिथली वीण संपली. ढोल्या होत्या तिथेच राहिल्या, पक्षी गेले.

मॅनमॅनिंगची गोष्ट लक्षात ठेवा, कारण खाणीच्या जंगलात बरोबर याच्या उलट घडतं, आणि तुमच्या दुसऱ्या शंकेचं उत्तर तिथेच आहे.

बॉक्साइट तुम्हाला नवं नाही. आपल्या सह्याद्रीच्या सड्यांवर जांभा दगड असतो. उष्ण, पावसाळी हवामानात लाखो वर्षं खडक झिजून, त्यातली विरघळणारी द्रव्यं वाहून गेली की लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरतं. ॲल्युमिनियम जास्त असेल तर बॉक्साइट तयार होतं. पर्थच्या पूर्वेच्या डार्लिंग डोंगररांगेत हेच झालं. फरक इतकाच की कोल्हापूरकडचे सडे बरेचसे उघडे, गवताळ आहेत, तर डार्लिंगच्या जांभ्यावर जॅरा आणि मॅरी या उंच निलगिरी-कुळातल्या झाडांचं घनदाट रान उभं आहे. त्यामुळे तिथे खनिज काढायचं म्हणजे आधी जंगल उतरवायचं.

१९६१ साली तिथलं राज्य सरकार आणि एक खाण कंपनी यांच्यात करार झाला, त्याला कायद्याचं रूप मिळालं, आणि १९६३ मध्ये जॅराडेल इथे खाणकाम सुरू झालं. खनिजाचा थर जाडीने जेमतेम चार-पाच मीटर आणि तोही सलग नाही, तुकड्यातुकड्यांत पसरलेला. शिवाय डार्लिंगचं बॉक्साइट जगात व्यापारासाठी काढल्या जाणाऱ्या बॉक्साइटमध्ये हलक्या प्रतीचं गणलं जातं. थर पातळ आणि प्रत हलकी, म्हणून तितकंच ॲल्युमिनियम मिळवायला अधिक जमीन उकरावी लागते. कोळशाच्या खाणीसारखा एकच प्रचंड खड्डा पडत नाही. जंगलात अनेक लहान-मोठे चट्टे पडतात, मधून वाहतुकीचे रस्ते जातात आणि दर वर्षी नवे चट्टे उघडले जातात.

आता कंपन्यांचं श्रेय त्यांना द्यायला हवं. डार्लिंगमधलं खाणीनंतरचं पुनर्वनीकरण जगात नावाजलेलं आहे आणि ते दिखाऊ नाही. माती काढताना वरचा थर वेगळा काढतात आणि शक्यतो साठवून न ठेवता लगेच दुसऱ्या, काम संपलेल्या चट्ट्यावर पसरतात, कारण त्या थरात शेकडो वनस्पतींचं बी असतं आणि साठवणीत ते मरतं. खाणीचा दाबलेला तळ यंत्राने खोलवर फोडतात, म्हणजे मुळांना वाट मिळते. सुरुवातीच्या काळात मुळं कुजवणाऱ्या एका रोगाच्या भीतीने बाहेरच्या प्रदेशातली निलगिरीची झाडं आणि पाइन लावत. १९८८ पासून फक्त तिथलीच जॅरा, मॅरी आणि त्यांच्याखालची झुडपं लावली जातात.

पक्ष्यांनीही या कामाला दाद दिली आहे. याच जॅराच्या रानात बॉडिंग्टन इथे सोन्याची मोठी खाण आहे. तिथे मर्डॉक विद्यापीठाच्या संशोधकांना आढळलं की पुन्हा लावलेल्या झाडीत काळे काकाकुवे आठ वर्षांच्या आत चरायला येऊ लागले. खाली पडलेल्या फळांवर चोचीच्या खुणा सापडल्या. त्या खुणांवरून कोणत्या जातीने खाल्लं तेही ओळखता येतं. ‘खाण झालेल्या जमिनीकडे पक्षी फिरकत नाहीत’ हा गैरसमज इथे पुसून टाकायला हरकत नाही.

मग अडतं कुठे? अडतं ढोलीपाशी.

काकाकुवा काटक्यांचं घरटं बांधत नाही. त्याला झाडाची ढोली लागते, आणि तीही मोठी. मादी शेपटीसकट आत मावली पाहिजे, तळ खोल पाहिजे, आणि वर दोन-अडीच महिने पिल्लाची वाढ होईल इतकी जागा पाहिजे. आपल्याकडचे पोपटही ढोलीत राहतात, पण त्यांच्या मदतीला सुतार पक्षी आणि तांबट असतात. ते दर वर्षी नवी भोकं पाडतात आणि जुनी सोडून जातात. पोपट त्यांचं तोंड कुरतडून मोठं करतात आणि संसार थाटतात. ऑस्ट्रेलियात सुतार पक्षी नाहीत आणि तांबटही नाहीत. ढोल्या करणारा कारागीर तिथे कोणी नाही. वणवा लागून साल जळते, वादळात फांदी मोडते, त्या जखमेतून बुरशी आत शिरते, वाळवी मधलं लाकूड खाते. हे सगळं झाड जिवंत असताना, बाहेरचा भाग शाबूत राहून व्हावं लागतं. मोठ्या काकाकुव्याला पुरेल अशी ढोली तयार व्हायला दीडशे-दोनशे वर्षं सहज जातात. लाल शेपटीचा कराक ज्या मॅरी झाडांत अंडी घालतो त्यांचं वय साधारण दोनशे वर्षांच्या पुढेच असतं.

आता तारखा जुळवून पाहा. खाणकाम १९६३ साली सुरू झालं. म्हणजे पुनर्वनीकरणातलं सगळ्यात जुनं झाडसुद्धा आज साठीच्या आसपास आहे. बहुतेक झाडं त्याहून तरुण आहेत. दाटीवाटीने वाढलेली, उंच पण बारीक. त्यांना फळं लागतात, त्यांवर पक्षी पोट भरतात. पण त्यांतल्या एकाही झाडात कराकाला पुरेल अशी ढोली आज नाही आणि या शतकात होण्याची शक्यता नाही. मॅनमॅनिंगला ढोल्या उरल्या आणि दाणा संपला. इथे दाणा परत आला आणि ढोल्या गेल्या. धान्याने भरलेल्या घरात बाळंतिणीची खोलीच नसावी तसं. वीण होण्यासाठी दोन्ही गोष्टी एकमेकींपासून दहा-बारा किलोमीटरच्या आत लागतात. एकीने दुसरीची भरपाई होत नाही.

म्हणून ‘एक झाड तोडलं, दहा लावली’ हा हिशेब मला प्रामाणिक वाटत नाही. दहा रोपं मिळून दोनशे वर्षांचं एक झाड होत नाही. हा हिशेब मांडणारे सगळेच खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. ते हेक्टर मोजतात, आणि हेक्टर खरोखरच भरून निघतात. पण पक्ष्याचा प्रश्न हेक्टरचा नाही, वयाचा आहे.

यावर तिसरी शंका तुम्हीच विचारलीत, पेट्या का नकोत? पेट्या हव्यात, आणि त्या लावल्याही जातात. जाड प्लॅस्टिकच्या नळापासून बनवलेले उभे दंडगोल तिथे ‘कॉकाट्यूब’ नावाने ओळखले जातात. आत पिल्लाला चढायला जाळीची शिडी असते, तळाला लाकडाचा भुसा आणि पाणी निचरायला छिद्रं असतात. काठाला लाकडाचे ठोकळे बांधावे लागतात, कारण मादी अंडी घालण्याआधी लाकूड कुरतडून तळाला चुऱ्याची गादी करते. कुरतडायला काही नसेल तर तिला ती जागा पसंत पडत नाही. सॉन्डर्स यांच्या अभ्यासातल्या कूमॅलो क्रीक या जागी अशा कृत्रिम ढोल्या बसवल्या, मोडकळीला आलेल्या नैसर्गिक ढोल्यांचे तळ आणि भिंती दुरुस्त केल्या, आणि कार्नबीच्या जोड्यांनी त्या दोन्ही आपल्याशा केल्या. उपाय चालतो हे यातून सिद्ध झालं आहे.

पण त्याच्या मर्यादा ओळखाव्या लागतात. पेटी अशाच ठिकाणी उपयोगी पडते, जिथे पक्षी आधीपासून वीण करतात, जवळ पाणी आहे आणि दाणा आहे. मोकळ्या माळावर खांब उभारून त्यावर पेटी टांगली तर त्यात गाला नावाचे गुलाबी काकाकुवे किंवा मधमाश्या राहायला येतात. युरोपातून आणलेल्या आणि रानटी झालेल्या मधमाश्या ही ढोल्यांची मोठी डोकेदुखी आहे. पोळं बसलं की काकाकुवा तिथे पाऊल ठेवत नाही. कुरतडलेले ठोकळे बदलावे लागतात, दर हंगामाआधी कोणीतरी शिडी घेऊन चढावं लागतं. हे काम पाच वर्षांचं नाही, दोनशे वर्षांचं आहे, कारण तोवर शेजारचं झाड ढोलीला तयार होणार नाही. आज पेटी टांगणारी संस्था किंवा कंपनी इतकी वर्षं तिची देखभाल करेल, याची हमी कोण देणार? शिवाय हा उपाय तिन्ही प्रकारांना सारखा लागू पडत नाही. आजवरचा सर्वांत चांगला अनुभव कार्नबीचा आहे, दाट जंगलातल्या बोडिनचा नाही.

मग खाण आणि पक्षी यांनी एका जंगलात राहायचं तरी कसं? आज तिथे असे नियम आहेत. झाडं तोडण्याआधी पाहणी करावी लागते. पाहणीची जुनी पद्धत साधी आहे. बुंध्यावर काठीने ठोकायचं किंवा खरवडायचं, आणि मादी आत असेल तर ती डोकं बाहेर काढून पाहते. आता लांब काठीला कॅमेरा लावून ढोलीच्या आत डोकावतात. ढोलीत वीण चालू असेल तर पिल्लू उडेपर्यंत त्या झाडाला हात लावत नाहीत. सरकारी मार्गदर्शक सूचनांत एक शहाणपणाची गोष्ट आहे. छातीच्या उंचीवर ज्या खोडाचा व्यास ५० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक आहे, ते झाड ढोली नसली तरी विणीच्या दृष्टीने महत्त्वाचं मानलं जातं. वांडू आणि सामन गम या सावकाश वाढणाऱ्या जातींसाठी ही मर्यादा ३० सेंटिमीटर आहे. आजची ढोली आणि उद्याची ढोली, दोन्हींचा विचार त्यात आहे.

यातला कच्चा दुवा लक्षात घ्या. पिल्लू उडेपर्यंत थांबायचं, पण नंतर? ढोलीचं झाड तोडलं तर त्या जोडीला पुढच्या हंगामात जागा नाही. काकाकुव्यांच्या जोड्या वर्षानुवर्षं त्याच परिसरात, बरेचदा त्याच ढोलीत परततात. त्यामुळे पिल्लू उडेपर्यंतची सवलत अपुरी आहे. माझं मत स्पष्ट आहे. ढोली असलेलं आणि ढोली होऊ घातलेलं झाड भोवती पुरेशी झाडी ठेवून कायमचं वगळावं, आणि खनिजाच्या चट्ट्याची आखणी त्याला वळसा घालून करावी. बॉक्साइट मुळात तुकड्यातुकड्यांत आहे. त्यामुळे असा वळसा घेता येतो, फक्त थोडं खनिज जमिनीत सोडायची तयारी लागते. दुसरी गोष्ट वेगाची. तोडलेल्या झाडीच्या जागी दाणा परत यायला आठ-दहा वर्षं लागतात. त्याहून वेगाने नवे चट्टे उघडत गेले, तर त्या दहा वर्षांत पक्ष्यांनी खायचं काय, हा प्रश्न उरतोच.

राज्याने मूळ जंगलातली व्यापारी लाकूडतोड २०२४ च्या सुरुवातीपासून थांबवली. हे मोठं पाऊल होतं. पण खाणीसाठी होणारी तोड त्या बंदीत नाही. म्हणून लाकूडतोड बंद झाली म्हणजे जंगल सुटलं, असा जो समज तिथल्याही काही लोकांचा झाला, तो खरा नाही.

खाणीला एकट्याला दोष देणंही चुकीचं ठरेल. कार्नबीचं सर्वाधिक नुकसान शेतीने आणि पर्थ शहराच्या वाढीने केलं. समुद्रकाठची बँक्सियाची झाडी घरांखाली गेली. २०१६ साली त्या झाडीलाच संकटग्रस्त जीवसमूह म्हणून जाहीर करावं लागलं. मग कार्नबीने पर्थच्या उत्तरेला नगंगारा भागातल्या पाइनच्या लागवडीचा आधार घेतला. परदेशी झाड, पण त्याच्या बियांवर हजारो पक्षी जगू लागले. पाइन जमिनीतलं पाणी फार ओढतो आणि त्याच जमिनीखालच्या साठ्यातून शहराला पाणी मिळतं, म्हणून गेल्या दोन दशकांत ती लागवड तोडली गेली आणि बरीचशी पुन्हा लावलीच नाही. पाणी वाचवणं हे चांगलंच काम, पण त्यातही पक्ष्यांच्या तोंडचा घास गेला. बोडिनचे पक्षी सफरचंदाच्या बागांत बिया खायला उतरतात आणि बेकायदेशीर गोळीबाराला बळी पडतात. रस्त्याकडेला सांडलेलं धान्य टिपताना पक्षी वाहनांखाली येतात. हवामानाचा फटका तर आहेच. नैऋत्येतला हिवाळी पाऊस १९७० च्या दशकापासून घटलेला आहे. जानेवारी २०१० मध्ये दक्षिण किनाऱ्यावरच्या होपटनजवळ उष्णतेची लाट आली आणि दोनशेहून अधिक कार्नबी एका दिवसात मेले. २०२३-२४ च्या कोरड्या उन्हाळ्यानंतर जॅराच्या जंगलाचे पट्टेच्या पट्टे तपकिरी पडले.

असं एकेक संकट येत असताना, जुनं जंगल हा पक्ष्यांचा राखीव साठा असतो. म्हणूनच खाणीतल्या प्रत्येक जुन्या झाडाचं मोल आज पन्नास वर्षांपूर्वीपेक्षा जास्त आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली, कारण वाचून कोणालाही ‘आता काही होणार नाही’ असं वाटेल. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कांगारू बेटावर चकाकदार काळ्या काकाकुव्याची एक उपजात राहते. १९९० च्या दशकाच्या मध्याला तिचे जेमतेम दीडशे पक्षी उरले होते. ढोल्या होत्या, शीओकच्या झाडाचा दाणाही होता, तरी पिल्लं टिकत नव्हती. पाहिलं तेव्हा कळलं की पॉसम नावाचा निशाचर प्राणी झाडावर चढून अंडी आणि पिल्लं खातो. मग ढोलीच्या झाडांच्या बुंध्यांना पत्र्याचे गुळगुळीत पट्टे गुंडाळले आणि शेजारच्या झाडांच्या चिकटलेल्या फांद्या छाटल्या, म्हणजे पॉसमला चढायलाही वाट नाही आणि उडी मारायलाही. यशस्वी घरट्यांचं प्रमाण २३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेलं. संख्या हळूहळू वाढत २०१९ पर्यंत साडेतीनशेच्या पुढे पोचली. त्यानंतरच्या उन्हाळ्यातल्या वणव्यांत निम्म्याच्या आसपास बेट जळालं, तरी पक्षी टिकले आणि जळालेल्या ढोल्यांच्या जागी स्वयंसेवकांनी लगेच कृत्रिम ढोल्या बसवल्या.

तिथे पत्र्याचा पट्टा पुरला, कारण तो गुंडाळायला दोनशे वर्षांची झाडं उभी होती. डार्लिंगच्या डोंगरात उपाय शोधायला कोणाला नव्याने संशोधन करावं लागणार नाही. कुठल्या झाडात ढोली आहे आणि कुठल्या खोडाचा व्यास ५० सेंटिमीटरच्या पुढे गेला आहे, याचे नकाशे पाहणी करणाऱ्यांकडे तयार होतच असतात. ते नकाशे खनिजाचा चट्टा आखण्याआधी आखणी करणाऱ्याच्या टेबलावर पोचायला हवेत, तोडणीचा ट्रॅक्टर रानात पोचल्यानंतर नव्हे.